आजार कुणाच्या नावावर

५ फेब्रुवारी, बुधवार

संतोषच्या कंपनीतून मिळालेली डायरी टीव्हीखाली धूळ खात पडली होती. आज काढली. पोटात जे आहे ते कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि पोटात ठेवलं तर आंबतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. शुद्धलेखनाचं कुणी मनावर घेऊ नये. तसंही वाचणार कोण?

जाऊबाई कॅनडाला चालल्या. फिरायला नाही, कायमच्या.

सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून सांगितलं. नाशिकला जेलरोडवर आमची दोन रो-हाउसं आहेत, मध्ये छातीएवढी भिंत. दोघा भावांनी एकदम घेतली होती. दोघेही भाऊ वर गेले. आता भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे त्या.

"वच्छे, ऐकलं का? महेश नेतोय मला. म्हणतो, आई, म्हातारपण आमच्याकडंच काढ. तिकिटं पण काढली, वीस एप्रिलची."

मी म्हणाले, "बरं झालं बाई. नशीब काढलंत." आणि आत येऊन कुकरला शिट्टी लावायची विसरले. डाळ कच्ची राहिली. संतोष डबा घेऊन अंबडला कंपनीत गेला आणि दुपारी फोन करून विचारतो, "आई, आज डाळीला काय झालं होतं?"

डाळीला काही झालं नव्हतं.

सासूबाईंची नथ त्यांना. पहिला गॅस त्यांच्याकडे. इंजिनियर पोरगा त्यांचा. आता आख्खा देश त्यांना. मला जेलरोड.

९ फेब्रुवारी, रविवार

महेशचं खोकं आलं. पिसासारखा हलका कोट, कापसावर चालल्यासारखे बूट, आणि हाताला बांधायचं घड्याळ. घड्याळात वेळ दिसते, शिवाय ते पावलं मोजतं आणि नाडी पण बघतं. जाऊबाईंच्या फोनमधून ते सगळं तिकडे महेशला दिसतं.

महेशनं व्हिडिओवर समजावलं. मी पण ऐकत बसले होते. तिकडे तिथल्या माणसांना दवाखाना सरकारचा, पण नव्यानं आलेल्या आईबापांना नाही. आजारी पडलं तर सगळं बिल पोरावर. म्हणून आधी विमा काढायचा, विम्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. आणि तब्येत कमावूनच विमानात बसायचं. रोज पाच हजार पावलं, मीठ कमी, रात्री भात नाही.

"एवढं करून जायचं तर इथंच का राहू नये?" मी म्हणाले.

जाऊबाई हसल्या. "तुला नाय कळायचं ते."

मला नाही कळायचं! बारा वर्षं एका चुलीवर दोघींनी भाकरी थापल्या, तेव्हा सगळं कळत होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊबाईंचे गुडघे. दोनशे पावलं झाली की गॅसच्या टाकीवर बसतात. महेशचा रोज फोन, "आई, काल तीनशेच?" काल संध्याकाळी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "वच्छे, तू तशीबी दत्त मंदिरापर्यंत जाती. हे बांधून जा. पोराच्या जिवाला बरं वाटंल."

बांधून गेले. सहा हजार दोनशे. महेशनं टाळ्यांचं चित्र पाठवलं. त्यांना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे.

आठ वर्षांपूर्वी मला बीपी निघालं. ह्यांच्या नोकरीच्या दवाखान्यात माझं पुस्तक आहे, तिथून औषध मिळतं. रोज एक गोळी. त्याच पावसाळ्यात जाऊबाई मोरीत भोवळ येऊन बसल्या. तोंड लाल, कानशिलं उडत होती. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नाही. म्हणाल्या, "एकदा दवाखान्यात गेलं की आजार नावावर लागतो. सातबाऱ्यावर नाव लागल्यागत. मग निघत नाय." मी माझी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा दिली. मग माझी एक कमी पडायला लागली. दवाखान्यात जाऊन खोटं सांगितलं, प्रेशर वाढलंय, रात्री डोकं धरतं. त्यांनी दोन केल्या.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीवर स्टीलची वाटी, वाटीत एक गोळी. आठ वर्षं. गावाला गेले तर मोजून पुडी बांधून जाते. मयताला गेले होते तेव्हासुद्धा बांधून गेले.

म्हणजे बघा, त्यांचा आजार माझ्या नावावर, आणि आता माझी चाल त्यांच्या नावावर. आणि कॅनडाला जाणार त्या.

२ मार्च, रविवार

आज विम्याचा फॉर्म भरला. महेश व्हिडिओवर, जाऊबाई खुर्चीत, मी खाली मटार सोलत.

"आई, डायबेटिस?"

"नाय."

"बीपी?"

"मला काय धाड भरलीय?"

"आई, नीट सांग. गेल्या काही वर्षांत कुठली गोळी रोज चालू होती का? ते खोटं चालत नाही."

"माझ्या नावावर एक कागद हाय का दवाखान्याचा? शोध."

खरंच नाही. महेश हसला. मग म्हणाला, "काकू, तुम्ही सांगा. आई लपवते. तुम्ही नाही लपवणार."

माझ्या हातात शेंग होती. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता बोलले तर म्हणतील जळली. आठवड्यापूर्वीच भाग्यश्रीनं, माझ्या सुनेनं, चेष्टेत म्हटलं होतं, "आई, तुमचं तोंड बघा, जसं काही मोठ्या आईंनी तुमचीच विमानाची सीट घेतली." मी महेशला म्हणाले, "तुझी आई ठणठणीत आहे रे. माझ्यापेक्षा."

"ते दिसतंच आहे," महेश म्हणाला. "नाडी सकाळी अडुसष्ट. या वयात!"

ती नाडी माझी आहे.

३ मार्च, सोमवार

मटारात अळ्या निघाल्या. अर्धा किलो टाकून दिला.

१२ मार्च, बुधवार

मुंबईला जाऊन व्हिसाची तपासणी झाली. संतोषनं रजा टाकून गाडीनं नेलं. रजा माझ्या पोरानं टाकायची! जाऊबाई सकाळी माझ्या वाटीतली गोळी खाऊन गेल्या. प्रेशर एकशे तीस. छातीचा फोटो स्वच्छ. परत येताना इगतपुरीला वडापाव खाल्ला त्यांनी, आणि आल्या आल्या गल्लीत पेढे वाटले. "डॉक्टर म्हणला, पन्नाशीचं शरीर हाय."

माझा पेढा मी खाल्ला नाही, भाग्यश्रीला दिला. थोड्या वेळानं तिच्या ताटलीतून अर्धा उचलून खाल्ला.

१८ मार्च, मंगळवार

आज संतोष जेवताना सांगत होता. त्याच्या खात्यात एक जण आहे, त्याचे सासरे लेकीकडे परदेशी गेले होते. जाताना विम्यात बीपी लिहिलं नाही. तिकडे चार महिन्यांनी अर्धांगवायू झाला. विमा कंपनीनं जुने कागद खणून काढले आणि हात वर केले. बारा दिवसांचं बिल भरायला लेक-जावयानं तिकडचं घर विकायला काढलं. म्हातारा वाचला, पण जावई त्याच्याशी बोलत नाही.

"मोठ्या आईंचं बरं आहे, काही आजारच नाही," संतोष म्हणाला.

मी वाढलेली भाकरी तव्यावर परत ठेवली. करपली.

१९ मार्च, बुधवार

डायरीत खरं लिहायचं नाही तर कुठे लिहायचं? काल रात्री अंथरुणात एक विचार आला. आला तो आला. मनात म्हटलं, जाऊ दे की. पडू दे एकदा तिकडच्या बर्फात, कळू दे दुरून डोंगर कसे साजरे दिसतात. मग महेशला कळेल कोण ठणठणीत होतं.

सकाळी उठून वाटीत गोळी ठेवायला गेले. गोळी खाली पडली, मुंग्यांत गेली. दुसरी ठेवली. माझ्या वाटची. मी आज घेतली नाही.

देवा, मी इतकी वाईट बाई नव्हते. असेन तर आताच झाले.

२४ मार्च, सोमवार

जाऊबाईंनी भिंतीवरून हळूच सांगितलं, "वच्छे, सहा महिन्याच्या गोळ्या काढून ठेव. बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली ठेवीन."

"आणि सहा महिन्यांनी?"

"कुणी ना कुणी येणारंच की इकडून. तू पाठव."

म्हणजे आता मी कॅनडापर्यंत वाटी ठेवायची!

दवाखान्यात गेले. तिथे महिन्याच्या वर देत नाहीत. खिडकीवर नवी डॉक्टरीण बसली होती, शेवाळे आडनावाची, नातीच्या वयाची. मी आडून विचारलं, "समजा कुणी परगावी गेलं आणि गोळी एकदम बंद पडली तर?"

"आजी, असलं काही करू नका. प्रेशर उसळतं. कुकरची शिट्टी काढून घेतल्यासारखं."

मी म्हणाले, "माझं नाही हो." मग म्हणाले, "माझंच."

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

काय लिहू?

सकाळी गल्लीतल्या बायकांनी जाऊबाईंची ओटी भरली, निरोपाची म्हणून. आमच्या गल्लीत सवाशीण-विधवा असलं कुणी बघत नाही. साडी, नारळ, फोटो. मला मध्ये उभं केलं, ओवाळायला. ओवाळताना जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वच्छे, तू पण ये की फिरायला. संतोषला म्हणावं काढ तिकीट. नायतर मीच महेशला सांगते, काकूला एक महिना बोलव म्हणून. बिचारीनं नाशिकच्या बाहेर काही पाहिलंच नाय."

बिचारी. बायका हसल्या. कडुनिंब मी घरी आल्यावर खाल्ला, पण तोंड आधीच कडू झालं होतं.

संध्याकाळी जाऊबाई देवळात गेल्या आणि फोन घरी विसरल्या. महेशनं माझ्या फोनवर लावला. पाडव्याचा नमस्कार केला, मग म्हणतो, "काकू, आईची काल सात हजार पावलं! मी तुमच्या सुनेला, हर्षालीला म्हटलं, बघ, सत्तर वर्षांची बाई, तू चाळिशीत लिफ्टनं जातेस."

आणि माझ्या तोंडून निघालं, "ती पावलं माझी आहेत रे महेश."

एवढंच सांगायचं होतं. शपथ घेऊन सांगते, एवढंच. मला माझी सात हजार पावलं परत पाहिजे होती. पण धान्याच्या पोत्याचा एक टाका उसवला की सगळं सांडतं. "म्हणजे?" म्हणाला तो. मी म्हटलं, घड्याळ मी बांधते. म्हणाला, "नाडी पण?" म्हटलं, नाडी पण. मग बारीक आवाजात, "काकू, अजून काय काय तुमचं आहे?"

मी सांगितलं. वाटी, गोळी, आठ वर्षं.

मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मी कंपनीला कळवतो. तिकिटं पुढे ढकलावी लागतील." आणि फोन ठेवला.

आता सात वाजलेत. पलीकडे दिवा लागला. त्या आल्यात. त्यांचा फोन वाजतोय.

३१ मार्च, सोमवार

भिंतीवरून बोलल्या नाहीत, दारानं आल्या. चप्पल न काढता. आठ वर्षांत नाही, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"पोटात दुखत होतं ना तुझ्या? आता झालं बरं?"

"बाई, तिकडे काही झालं असतं तर—"

"मला झालं असतं ना? तुला काय? तू जळली. पहिल्या दिवसापासनं जळली. माझ्या नथीवर, माझ्या पोरावर, माझ्या कोटावर. आणि ज्या दिवशी चार बायका माझ्यासाठी जमल्या, त्याच दिवशी साधलं. नायतर फॉर्म भरताना का नाय बोलली? तोंडात मटार होता का?"

म्हणाल्या तसंच होतं. फॉर्म भरताना नाही बोलले, आणि पाडव्याला बोलले. आता देव जरी खाली उतरून म्हणाला की वत्सला, तू चांगलं केलंस, तरी मी म्हणेन, देवा, नीट चौकशी कर.

जाताना म्हणाल्या, "आठ वर्षं तुझं खाल्लं. आजपासनं नाय."

३ एप्रिल, गुरुवार

वाटीत तीन गोळ्या आहेत. मंगळवारची, बुधवारची, आजची. त्यांनी हात लावलेला नाही.

दुपारी भिंतीवरून बघितलं तर पलीकडे दार उघडं, जिन्याच्या पायरीवर त्या डोकं धरून बसलेल्या. दुधाचं पातेलं दारात तसंच, दूध उन्हात फाटलेलं. मी भिंतीवरून हाक मारली. उत्तर नाही. धावत गेले. साठी उलटलेली बाई मी, घड्याळ न बांधता धावले.

"बाई, तोंड उघडा. गोळी घ्या."

"नाय."

"मग दवाखान्यात चला."

"नाय. नावावर लागंल."

मी म्हणाले, "लागू द्या! चाळीस वर्षं सगळं चांगलं तेवढं तुमच्याच नावावर लागलं, एक वाईट लागलं तर मराल का?" काय बोलले मी! पण बोलले. जाऊबाईंनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पदर खोचला. म्हणजे निघायचं.

रिक्षानं बिटको चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर एकशे नव्वद आणि खालचं एकशे दहा. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी दिली आणि दोन तास झोपवून ठेवलं. मी शेजारी स्टुलावर. नर्सनं नवी फाइल काढली, वर नाव लिहिलं. चंद्रभागा. वय ७०. खाली, बीपी.

जाऊबाईंनी ते तिरप्या नजरेनं वाचलं. डोळ्यातून पाणी आलं. "लागला गं वच्छे नावावर."

मी त्यांचे पाय दाबत होते. पाय इतके सुजलेत, हे मला माहीत नव्हतं. रोज बघते, आणि माहीत नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

आता आपलंही निस्तरायला हवं म्हणून दवाखान्यात गेले आणि खिडकीवरच्या शेवाळे डॉक्टरणीला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुमच्या दोनातली एक गोळी आठ वर्षं दुसऱ्या कुणाच्या पोटात जात होती?"

"जावेच्या."

"आजी, त्यांना ती मानवली नसती तर? काही बरंवाईट झालं असतं तर?"

"मानवली," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजात थोडी फुशारकी होती ती तिनं ऐकली. तिनं चष्मा काढला. खूप बोलली. बोलण्यासारखंच होतं. हे सरकारी औषध आहे, लिहून द्यावं लागेल, यापुढे दर महिन्याला समोर बसून प्रेशर मोजायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. मग माझं प्रेशर मोजलं. पुस्तकावर दोन खोडून एक केलं आणि बाजूला सही केली.

कागदावर मी आज एकदम निम्मी बरी झाले. घरी येऊन कुणाला सांगावं म्हटलं तर पलीकडचं दार बंद.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

महेशचा मला फोन. आईशी त्याचं भांडण मिटलंय. विमा कंपनीनं कळवलं, बीपी चालतं, लपवलेलं चालत नाही. सहा महिने एकच औषध, एकच मात्रा, डॉक्टरच्या कागदासह. त्यात काही बदल झाला नाही तर विमा पूर्ण लागू. थोडा महाग पडेल, पण वेळ आली तर उपयोगी पडेल. तिकिटं नोव्हेंबरची.

"काकू, तुम्ही बोलला नसता तर…" म्हणाला.

"मी चांगल्या मनानं नाही बोलले रे," मी म्हणाले. त्याला वाटलं मी विनयानं म्हणते. पोर भोळंच आहे, बापावर गेलंय.

जाऊबाई अजून बोलत नाहीत. पण दुपारी भिंतीवर तीच स्टीलची वाटी होती. तिच्यात आमरस. वर तुपाचा थेंब, मला आवडतो तसा. मी वाटी धुऊन परत ठेवली, पण रिकामी कशी ठेवायची? दोन कुरडया ठेवल्या.

१४ जून, शनिवार

बोलल्या.

सकाळी भिंतीवरून, "वच्छे, ही बघ." हातात गोळ्यांचं पाकीट. "माझ्या नावाचं. मेडिकलवाला पण नाव घेऊन हाक मारतो. चंद्रभागाबाई म्हणून. सून झाल्यापासनं मला कुणी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती."

"बरं झालं," मी म्हणाले.

"आणि हे बघ." घड्याळ. आठशे चाळीस. "माझी. सगळी माझी. तू बांधलं होतं तेव्हा लय होती, पण ती उसनी."

मी आत येऊन हिशेब केला की मी सात हजार चालायचे तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता. त्यांना आठशेला झाला. नशीबच लागतं त्यालाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेल्या.

गाडीत जागा होती. संतोष म्हणाला, चल मुंबईपर्यंत. नाही गेले. विमानतळ मी टीव्हीवर बघितलाय.

निघताना जाऊबाईंनी घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलं. "महेशनं माझ्यासाठी तिकडं दुसरं घेतलंय. हे तुझं. संतोषकडून तुझ्या फोनला जोडून घे." मग कानाशी लागून म्हणाल्या, "जळतीस तर जळ. पण चालत राहा."

पाया पडले. उठताना त्यांनी मला धरलं की मी त्यांना, सांगता येत नाही. दोघींचे गुडघे वाजले.

तिकडे सकाळची गोळी सून हर्षाली देणार आहे म्हणे. तिला काय ठाऊक? जाऊबाईंना पाणी कोमट लागतं. गोळी हातात दिली तर विसरतात, वाटीत ठेवावी लागते, वाटी स्टीलची, आणि चहाच्या आधी. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं तिला. नाही सांगितलं. शोधू दे तिचं तिला. आठ वर्षं लागली मला शिकायला, तिला आयतं का मिळावं?

१० नोव्हेंबर, सोमवार

भिंतीवरची वाटी उचलायचं ठरवलं. उचलली नाही.

पलीकडे मनीप्लँट वाळतोय. किल्ली माझ्याकडे आहे. पाणी घातलं. डोक्यात सारखं येतं की आता काय घातलं भाजीत, हे कुणाला विचारायचं. ती बाई मला सतत चिडवायची, आणि तिच्या चिडवण्यावर माझा दिवस सरायचा.

फिरायला गेले नाही. कुणासाठी जायचं?

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी व्हिडिओ. तिकडे कालची रात्र. जाऊबाई कोट घालून घरात बसलेल्या, खिडकीबाहेर पांढरंच पांढरं. तोंड चांगलं दिसत होतं. हर्षाली मागून डोकावून म्हणाली, "काकू, आईंना गोळी हातात दिली तर विसरतात हो. काय करू?"

"विचार करून बघ," मी म्हणाले. मग मलाच लाज वाटली. "वाटीत ठेव. स्टीलच्या. कोमट पाणी."

"बघ, मी म्हणत नव्हते का, तिला विचार म्हणून!" जाऊबाई हर्षालीला म्हणाल्या. मग डोळे बारीक करून माझ्याकडे वळल्या. "आणि वच्छे, परवा चारशे, काल बाराशे? हे काय चाललंय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"संतोषनं जोडून दिलं, महेशच्या फोनात दिसतं की! तुझ्या नावानं येतं आता. 'वत्सला काकू' असं लिहिलंय. रोज सकाळी मी आधी तेच बघते. बसून राहती का दिवसभर?"

"थंडी आहे इकडे."

"थंडी! तुला थंडी!" त्या खिडकीकडे बोट दाखवून इतक्या हसल्या की कोट हलला. "मी घरातल्या घरात दोन हजार चालले काल. स्वैपाकघर ते जिना, जिना ते स्वैपाकघर. दोन हजार! माझी! तुझ्यापेक्षा जास्त."

दोन हजार. माझ्यापेक्षा जास्त. कॅनडा मिळालं, कोट मिळाला, सून पण पाय दाबायला मिळाली, आणि आता चालण्यात पण त्याच पुढे!

फोन ठेवला. चहा तसाच ओट्यावर. गोळी घेतली, एकच, माझी. चपला घातल्या आणि निघाले. दत्त मंदिर, तिथून पुढे शाळा, शाळेला वळसा, परत मंदिर. भाग्यश्रीचा फोन आला, कुठे आहात, मी म्हटलं, येते, अजून नाही. घरी आले तेव्हा घड्याळात नऊ हजार शंभर होते. पाय भाकरीसारखे फुगलेत. बसून लिहितेय.

आता तिकडे रात्र आहे. सकाळी उठेल ती आणि आधी हेच बघेल.

बघू दे. जळू दे.